सांताची उधारी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नातवाच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलं. मुलांना २४ तारखेला लाल-पांढऱ्या कपड्यांत पाठवावे. सोबत एक गिफ्ट, रंगीत कागदात गुंडाळलेलं, वर नाव नको. किंमत शंभर रुपयांपर्यंत. टोपी सक्तीची, दाढी ऐच्छिक.

दाढी ऐच्छिक ठेवल्याबद्दल शाळेचे आभार. नातू ज्युनियर केजीत आहे.

मग ग्रुपवर चर्चासत्र. "शंभरात हल्ली येतं काय?" हा पहिला सवाल. "शंभर म्हणजे शंभरच, की शंभरच्या आसपास?" हा दुसरा. बाकीच्यांनी नुसता अंगठा दाखवला. पालकांच्या ग्रुपवर अंगठ्याचा अर्थ 'वाचलं, पण ऐकणार नाही' एवढाच असतो. पुढचे चार दिवस आमच्या चाळीसगावात स्टेशन रोडपासून घाट रोडपर्यंत सगळ्या खेळण्यांच्या दुकानांत आया उभ्या. दीडशेची वस्तू शंभरात मागायची, नाही मिळाली तर दीडशेलाच घ्यायची आणि किमतीचं स्टिकर नखाने खरवडायचं. तेही अर्धवट. समोरच्या आईला ती वस्तू शंभराच्या वरची आहे हे कळलं पाहिजे, आणि आपण कळू दिलं नाही असंही दिसलं पाहिजे.

आमच्या सूनबाईंनी एकशे साठचं पझल गुंडाळलं. मी काही बोललो नाही. सासऱ्याने पॅकिंग चालू असताना बोलू नये.

त्याच २४ तारखेला एक वाढदिवसही असतो. साने गुरुजींचा. १८९९ चा जन्म, आणि नोकरी आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. ग्रुपवर टोपीच्या इलॅस्टिकबद्दल सतरा मेसेज होते, गुरुजींबद्दल एकही नाही. 'श्यामची आई'त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. गुपचूप, सणाला, पावसापाण्यातून चालत. लाल टोपी नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच.

असो. शाळेत गिफ्टांची अदलाबदल झाली. कुणाला बॅटरीची गाडी निघाली, कुणाला स्टीलचा डबा, एकाला थेट क्रिकेटचा सेट. आमच्या नातवाला साबणाच्या फुग्यांची बाटली, वीस रुपये, स्टिकर शाबूत. म्हणजे सगळ्या वर्गात नियम पाळणारं घर एकच निघालं आणि त्याचा सांता आमच्या वाट्याला आला. मला त्या घराबद्दल आदर वाटला. सूनबाईंना वाटला नाही.

संध्याकाळी नातू माझ्याशेजारी येऊन बसला. बाटली हातात. म्हणाला, "आबा, आपल्याकडचा सांता गरीब आहे का?"

घरात शांतता. मुलाने मोबाइल पाहायला घेतला. तेवढ्यात आमची माय बोलली. वय पंच्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण पैशाचा विषय निघाला की कानाचं यंत्र लागत नाही.

"हाऊ लाल डगलावाला बाबा कोन शे?"

सांगितलं. रात्री येतो, पोरांना खेळणी देतो, निघून जातो.

"फुकट देस?"

"हो माय."

"मंग पैसा कोन देस?"

मुलगा खोकला. मायने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा प्रश्न टाकला. "उधार ठेवस का तो?"

पोराबाळांच्या नाताळखर्चावर मी पुण्या-मुंबईचे बरेच लेख वाचलेत. मायच्या या तीन प्रश्नांच्या पुढे त्यातला एकही गेलेला नाही.

अडचण किती खर्च करायचा ही नाहीच. अडचण अशी की सांताला खिसा नाही. मामा खेळणं आणतो तेव्हा मामाचा पगार पोराला ठाऊक असतो. आत्या आणते तेव्हा आत्या परत निघताना आई तिच्या हातात काय ठेवते हेही ते बघतं. सांता हा एकच नातेवाईक असा, ज्याचं उत्पन्न माहीत नाही, ज्याला कापसाचा भाव पडल्याचा फटका बसत नाही, ज्याच्या घरी लग्न नाही, दवाखाना नाही. मग पोर मागताना कशाला हात आखडेल? आमच्याने चिठ्ठी लिहून घेतली होती: रिमोटवाला जेसीबी, खरंखुरं माती उचलणारा. खानदेशातल्या पाच वर्षांच्या मुलाला जेसीबीच लागतो, रेनडिअर नाही. रेनडिअर त्याला गाय वाटते.

आणि बिल येतं ते बापाला. त्याला ते भरायचंही आहे आणि भरल्याचं लपवायचंही आहे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. भाव जगाला कळत नाही, पण घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला पक्का कळतो. इथे रुमाल नेमका घेणाऱ्याच्या डोळ्यांवर बांधलाय.

आमच्या वडिलांना असले रुमाल परवडत नव्हते. ते मार्केट यार्डात मुनीम होते. दिवसभर दुसऱ्यांचे लाख लिहायचे आणि रात्री घरचे आणे. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या माळ्यावर आहेत. परवा काढून पाहिल्या. पोरांवरचा खर्च शोधायला फार पानं उलटावी लागली नाहीत, कारण तो सापडायच्या जागा ठरलेल्या होत्या. होळीला साखरेचे हार-कंगन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणींना बांगड्या. पोळ्याला मातीची बैलजोडी. दिवाळीला कापड, ताग्यातून, तिघा भावांना एकच डिझाइन. फोटोत आम्ही एकाच पडद्यातून कापून काढल्यासारखे दिसतो. आणि एक ओळ दरवर्षी: 'उरूस, पोरं ३, रुपये १.५०.'

हा उरूस पीर मुसा कादरी बाबांचा. चाळीसगावचा माणूस हिंदू असो की मुसलमान, त्याचं वर्ष या उरुसापाशी येऊन वळतं. तलवारीची मिरवणूक निघायची, तिच्या मागे गर्दी, आणि गर्दीच्या मागे आमचं खरं तीर्थक्षेत्र: खेळण्यांची पालं. वडील दर्ग्यापाशी थांबायचे आणि आमच्या तिघांच्या तळहातावर एकेक अधेली ठेवायचे. आठ आणे. बस. वर त्यांचा एकच नियम. परत यायचं तेव्हा पैसे संपलेले असोत की उरलेले, पुन्हा मागायचं नाही.

त्या आठ आण्यांनी आम्हाला जे फिरवलं ते सांगतो. सगळी पालं एकदा नुसती पाहायची. मग थोरला भाऊ भाव विचारायचा, कारण त्याला मिसरूड फुटत होती. पिपाणी चार आणे, भिंगरी दोन आणे, पत्र्याची होडी दीड रुपया. होडी परातीतल्या पाण्यात स्वतःची स्वतः फिरायची, आत पेटत्या वातीवर तापलेल्या पाण्याची वाफ, फटफट आवाज. तिच्यासमोर आम्ही अर्धा तास उभे. दुकानदार "घ्यायची का?" विचारायचा, आम्ही "वडील येताहेत" म्हणायचो. वडील येणार नाहीत हे त्यालाही ठाऊक असायचं.

एके वर्षी आम्ही डोकं चालवलं. तिघांच्या तीन अधेल्या म्हणजे बरोबर दीड रुपया. होडी घेतली. घरी परातीत पाणी घेऊन तिघं पालथे पडलो. होडी दोन फेऱ्या फिरली आणि बुडाचा डाग सुटून परातीच्या तळाशी गेली. थोरल्याने मला मारलं, मी मधल्याला मारलं. वडील ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. ते बोलले नाहीत, हसले नाहीत, नवीन होडीही आणली नाही. रात्री वही काढली आणि नेहमीची ओळ लिहिली. पोरं ३, रुपये १.५०. होडीचा उल्लेख नाही. होडी आमच्या खात्यावर होती.

आता हेच बघा, ती बुडालेली होडी मला पन्नास वर्षांनी आठवते. न बुडालेलं एकही खेळणं आठवत नाही.

मुलींकडे याहून भारी काम होतं. भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसायची, कोजागरीला उठायची. महिनाभर संध्याकाळी घरोघर गाणी, आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातावर पडत नसे. ज्या घरी भुलाबाई, तिथली मुलगी बंद डबा कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं. आवाजाचा आहे का? गोड की तिखट? आमची बहीण या विद्येत इतकी तरबेज, की शेंगदाण्याच्या आणि फुटाण्याच्या आवाजातला फरक तिला पलीकडच्या ओसरीवरून कळे. म्हणून तिची मैत्रीण डब्यात फडकं कोंबून आणायची. आवाजच नाही! पंधरा मिनिटं सगळ्या हैराण, आणि आत निघायचं केळं. केळ्याचे सात तुकडे. आज अमेरिकेतला एखादा पोरगा कॅमेऱ्यासमोर खोकी फोडतो आणि आपली पोरं ते जेवताना बघतात. खोकं फोडण्यात काय आहे? खरी गंमत ते खुळखुळवण्यात होती, आणि तिला जीएसटी नव्हता.

जीएसटीवरून आठवलं. सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांवर ५ टक्के आणि बॅटरीच्या खेळण्यांवर १८. मला सरकारची बरीच धोरणं समजत नाहीत, हे मात्र चटकन समजलं. जे खेळणं पोर स्वतः चालवतं त्याला सवलत, जे पोराला बसवून स्वतः चालतं त्याला दंड. आता आमच्या गल्लीत एकाने बसून चालवायची बॅटरीची जीप आणली, साडेसात हजारांची. बाप शेतकरी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तोही खरेदी केंद्राच्या रांगेत उभं राहिलं, ओलावा नियमात बसला आणि नोंदणी असली तर. म्हणजे ती जीप जवळजवळ क्विंटलभर कापूस खाऊन दारात उभी आहे. वेचणाऱ्या बाईच्या किती फेऱ्या, याचा हिशोब वडील असते तर त्यांनी तिच्या बॉनेटवर लिहिला असता. आठ दिवसांत चार्जर गेला. आता पोर आत बसतं आणि आजोबा मागून ढकलतात. तसं पाहिलं तर आता ते ५ टक्क्यांचं खेळणं झालंय.

ज्यांचा हा सण, त्यांच्याकडे काय असतं? भुसावळला माझा एक जुना दोस्त आहे, रेल्वेतून निवृत्त, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. पूर्वी नाताळला त्याच्या घरी जायचो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीचा फराळ संपून महिना झालेला असल्याने आम्ही मिटक्या मारत खायचो. दाराला कागदी तारा, पोरांच्या अंगावर नवे कपडे, आधी देवळातली उपासना, मग घरोघर गाणी. मी त्याला फोन करून विचारलं, तुमच्याकडे नातवंडांना सांता किती देतो? तो म्हणाला, "आमच्याकडे येशू जन्मतो, बाबा. सांता तुमच्या शाळेत येतो." ज्याचा सण त्याच्या घरी करंजी, आणि ज्याचा नाही त्याच्या घरी लाल टोपी, अशी ही अदलाबदल झालीय.

बरं, मूळ सांता तरी कोण? मायरा नावाच्या गावचा बिशप निकोलस. गाव आजच्या तुर्कस्तानात. आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, तर याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा तीन-तीन मुलींचे दोन बाप जागेवर उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "हा बाबा आपल्याकडे कधी येईल?" म्हटलं, येतो ना. फक्त आता तो थैल्या नेतो आणि जेसीबी ठेवतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं, तुम्ही काय करता? त्याने तिकडचा नियम सांगितला. मुलाला चार वस्तू द्यायच्या. एक हवी असलेली, एक गरजेची, एक अंगात घालायची, एक वाचायची. चारच, पाचवी नाही. ऐकून बरं वाटलं. मग हिशोब केला, तर आमच्या घरी हा नियम होताच, फक्त पहिलं कलम गाळून. दिवाळीला शर्ट, जूनमध्ये दप्तर, आणि वाचायला थोरल्या भावाची जुनी पुस्तकं, गणितं आधीच सोडवलेली. भाच्याला म्हटलं, चारचा नियम पाळतोस का? तो म्हणाला, "मी पाळतो मामा. पण हिची आई इंडियातून येताना एक अख्खी बॅग आणते." म्हणजे अमेरिकेतही नियम मोडायला आजीच लागते. कुठेही जा, मानवजात एकच.

तर आमच्या घरी बैठक बसली. मुलगा, सून, मी आणि अध्यक्षस्थानी माय. प्रश्न असा की जेसीबी द्यायचा का, आणि सांता खरा म्हणायचा का. मुलाचं मत, पोराची गंमत घालवू नका. सुनेचं मत, वर्गातल्या सगळ्यांकडे काहीतरी मोठं येणार. मी म्हटलं, गंमत ठेवा, पण सांताला खिसा शिवा. पोराला सांगा, सांता खरा आहे, पण यंदा त्याच्याकडे पैसे एवढेच आहेत. सून म्हणाली, सांताकडे कमी कसे असतील? मी म्हटलं, का? त्याला काय अवकाळी लागत नाही?

रात्र जागायचं मात्र नातवाने ठरवलंच होतं. धुराडं कुठे आहे, ही त्याची चिंता. आमच्या जुन्या धाब्याच्या घराला उजेडासाठी छतात भोक होतं, तिथून एखादा सांता आला असता, पोटासकट नाही तरी. आता स्लॅब आहे. शेवटी ठरलं की तो स्टेशनवर उतरेल आणि दारातून येईल.

तसं पाहिलं तर चाळीसगावात रात्री जागून वाट पाहणं काही नवीन नाही. स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. पारशी कलावंत, छायाचित्रकार, टेबलावर साध्या वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी करणारे. एका बाईने येण्याचं वचन दिलं होतं म्हणून ते दररोज रात्री पंजाब मेलची वाट पाहायचे, दार उघडं ठेवायचे, असं गाव सांगतं. ती आली नाही. ते जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडले आणि ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. ज्या गावात एवढं वाट पाहणं होऊन गेलंय, तिथल्या पोराला रात्रभर जागायला शिकवण्यासाठी उत्तर ध्रुव कशाला लागतो? नातू गाडीच्या भोंग्याला दोनदा उठून बसला. तिसऱ्या वेळी उठला नाही.

सकाळी उशाशी पाकीट. आत शंभराच्या दोन नोटा आणि चिठ्ठी: 'यंदा माझ्याकडे इतकेच आहेत. जे हवं ते तू घे. तुझा, सांता.' अक्षर माझं, कारण मुलाचं कुणाला वाचता येत नाही.

वाटलं होतं, पोर रडेल. त्याने नोटा उजेडात धरून पाहिल्या. आजोबांचा आजोबा निघाला. मग म्हणाला, "चला."

दुकानात तासभर गेला. आधी सगळं नुसतं पाहिलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रिमोटचा जेसीबी नऊशे. त्याच्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला, मग न बोलता पुढे सरकला. माझ्या छातीत ती पत्र्याची होडी एकदा फटफटली. शेवटी एक साधा जेसीबी सापडला. बॅटरी नाही, हाताने दांडा ओढला की सोंड खाली येते. किंमत अडीचशे. ठोकून बघितला, चाकं फिरवली, काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराकडे मान वर करून म्हणाला, "काका, कमी करा ना. सांताने दोनशेच दिलेत."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. माझ्या खिशात पन्नासची नोट होती आणि हात तिकडे जायला लागला होता, हे कबूल करतो.

"भाव एकच आहे बेटा," तो म्हणाला. "पण सांता आपलं जुनं गिऱ्हाईक. ने तू. बाकीचे नंतर दे म्हणावं."

नातवाने दोनशे मोजून दिले. दुकानदाराने गल्ल्याखालून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि लिहिलं: सांता, बाकी ५०. मग क्षणभर थांबून पुढे माझा मोबाइल नंबर टाकला.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिने जेसीबीची सोंड दोनदा वरखाली करून बघितली.

"म्हनजे ठेवस," ती म्हणाली.